सिलिकॉनचा लेप दिला तरी बुडाला बार्नॅकल धरतात: दोष कुठे शोधायचा

ज्या फायबरच्या किंवा लोखंडी बोटींच्या बुडाला तांब्याच्या विषारी रंगाऐवजी सिलिकॉनचा, म्हणजे 'फाउल रिलीज' लेप दिलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. तक्रार ठरलेली असते: एवढा महाग रंग लावला आणि सहा महिन्यांत बूड पुन्हा जैसे थे. मग खापर डब्यावर फुटतं. डबा क्वचितच खराब असतो.

एक गोष्ट आधी पक्की करा. तांब्याचा रंग जीवाला बसूच देत नाही, बसलेल्याला मारतो. सिलिकॉन कुणालाही मारत नाही. त्याच्यावर बार्नॅकल, म्हणजे बुडाला चिकटून वाढणारा कठीण कवचाचा समुद्री जीव, बसतोच. फक्त त्याची पकड कच्ची राहते आणि बोट वेगात निघाली की पाणी त्याला ओढून काढतं. हा लेप म्हणजे पॉलिडायमिथिलसिलोक्झेन नावाचं मऊ रबर. त्याची पृष्ठभाग ऊर्जा मीटरला २० ते २५ मिलिन्यूटन, म्हणजे फारच कमी, त्यामुळे बार्नॅकलचा गोंद त्यावर नीट पसरत नाही. हे जमायला वेग लागतो, अखंड गुळगुळीत पृष्ठभाग लागतो आणि पुरेशी जाडी लागते. शिवाय एक गंमत आहे: ज्याला काहीच चिकटत नाही, त्या रबराने स्वतः मात्र बोटीला घट्ट चिकटून राहायचं आहे. त्यासाठी इपॉक्सी, म्हणजे खालचा टणक थर, आणि सिलिकॉन यांच्या मध्ये टायकोट नावाचा दुवा असतो. अर्ध्या तक्रारी त्या दुव्याच्या असतात.

लक्षणं

बोट वर ओढल्यावर, किंवा मोठ्या ओहोटीला बूड उघडं पडल्यावर, हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. काय दिसतंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

सगळ्या बुडावर तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर, पण कठीण काही नाही: हा दोष नाही. या थरातले डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, सिलिकॉनला चांगलेच धरून राहतात, वेग वाढवूनही पूर्ण सुटत नाहीत. ओल्या स्पंजने पुसा.

बार्नॅकल सगळीकडे सारखे विखुरलेले: वापराचा किंवा जाडीचा प्रश्न.

बार्नॅकल रेघेत, जणू कुणी ओळीने पेरलेत: ओरखडा.

बार्नॅकल चौकोनी ठिगळात: बोट ज्या ठोकळ्यांवर उभी होती, त्यांच्याखाली लेप गेलाच नाही.

फक्त सुकाणूमागे, पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या पेटीत, शाफ्टच्या कंसाजवळ: तिथे पाणी फिरत नाही. लेप कितीही चांगला असला तरी तिथे धरणारच.

लेप पापुद्र्यासारखा सुटतोय, नखाने उचलता येतोय: टायकोट.

लेप आठवड्यानंतरही चिकट, बोटाचा ठसा उमटतो: मिश्रण चुकलं.

इंजिनचे फेरे तेवढेच ठेवून वेग एक-दीड नॉटने कमी झाला आणि डिझेल वाढलं, तर वरचं काहीतरी आहेच. पण आधी पंखा बघा. पंख्यावरचे मूठभर बार्नॅकलही तेवढंच नुकसान करतात आणि त्यांचा बुडाच्या लेपाशी काही संबंध नसतो.

पहिली तपासणी: वही

खर्च शून्य. बोट किती दिवस सलग उभी होती आणि चालते तेव्हा किती वेगाने चालते, एवढंच शोधायचं. सुरुवातीच्या सिलिकॉन लेपांना १५ नॉटच्या वर वेग लागायचा. नव्यांपैकी बरेच १० नॉटच्या आसपास स्वच्छ होतात. सात नॉटने जाणारा ट्रॉलर जाळं ओढताना तर तीन-चार नॉटवरच असतो.

आपल्या खाड्यांचं पाणी वर्षभर कोमट. बार्नॅकलची अळी जागा पक्की करून बसली की दोन-तीन आठवड्यांत मसुराएवढी होते. पावसाळा सरून खाडीचा खारेपणा परत आला की बसण्याचा जोर वाढतो. त्या काळात बोट तीन आठवडे जेट्टीला बांधून ठेवली असेल, तर लेपाला बोल लावू नका. दहा-बारा दिवसांतून एकदा तिला बाहेर काढून तासभर पूर्ण वेगाने पळवा. कोवळा बार्नॅकल जातो, जुना जात नाही. जुन्याचं बूड रुंद झालेलं असतं आणि गोंद पक्का.

स्पष्टच सांगायचं तर जी बोट कायम सात नॉटच्या खाली चालते आणि महिन्यातले वीस दिवस उभी असते, तिच्यासाठी हा लेप निवडणंच चुकलं. दुरुस्तीने ते बदलणार नाही. लाकडी होडीलाही सिलिकॉन देऊ नये. फळ्या फुगतात, आकसतात आणि सांध्यांवर लेप फाटतो. जुन्या होडीच्या लाकडात माशाचं तेल मुरलेलं असेल, तर त्यावर इपॉक्सीसुद्धा धरत नाही.

दुसरी: अंगठा

याला दोन मिनिटं लागतात, आणि सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. वाटाण्याएवढा बार्नॅकल निवडा. त्याला वरून दाबू नका. बुडाला समांतर, बाजूने अंगठ्याने ढकला. प्रयोगशाळेत बार्नॅकलची पकड मोजतात तीही अशीच, आडव्या जोराने.

तो अख्खा सरकून निघाला आणि खाली काहीच उरलं नाही, तर लेप निरोगी आहे. पहिल्या तपासणीवर परत जा, प्रश्न वापराचा आहे.

तो मोडला आणि खाली पांढरी चकती उरली तर ती भिंगाने बघा. मध्यापासून कडेला गेलेल्या बारीक रेषा दिसतील. ती बार्नॅकलची बैठक. ती लेपाला घट्ट धरून बसली, याचा अर्थ तिच्याखाली मऊ रबर उरलेलं नाही किंवा फारच पातळ आहे. लेप पातळ असला की वाढणाऱ्या बार्नॅकलची धार पाचरीसारखी त्यात घुसते, खालच्या टणक थराला भिडते आणि तिथे पक्की होते. मग कुठलाही वेग तिला काढू शकत नाही.

बुडाच्या दहा वेगवेगळ्या जागी हे करा आणि नोंद ठेवा. एका जागेवरून निष्कर्ष काढला की हमखास चुकतो.

तिसरी: साफसफाई कशी झाली

खलाशांना सरळ विचारा, पण आरोपाच्या सुरात नको, नाहीतर खरं कळणार नाही. लोखंडी पत्ती, तारेचा ब्रश, नारळाची करवंटी, वाळू लावून घासणं, यांपैकी काहीही झालं असेल तर लेपाचा पृष्ठभाग गेला. तांब्याच्या रंगाला घासणं चालतं, उलट नवा थर उघडा पडतो. तीच सवय इथे नडते. सिलिकॉनवरचा केसाएवढा ओरखडासुद्धा अळीला आडोसा देतो.

योग्य पद्धत: ओला मऊ स्पंज किंवा मऊ कापड, गोडं पाणी. प्रेशर वॉशर वापरायचाच तर पंख्यासारखा फवारा सोडणारं नोझल, किमान एक फूट अंतर आणि दाब १०० बारच्या आत. त्याहून कमी सांगणारं माहितीपत्रक असेल तर पत्रकाचं ऐका. गोल फिरणारं टोकदार नोझल लेपाची कड उचलतं. एकदा कड उचलली की पुढचं काम पाणीच करतं.

चौथी: ओरखडे आणि ठिगळं

दिवस मावळल्यावर टॉर्च बुडाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. दुपारी जे दिसत नाही ते सगळं सावलीत उठून दिसतं. टायकोट आणि सिलिकॉन वेगळ्या रंगाचे घेतले असतील तर खोली लगेच कळते. नसतील घेतले तर पुढच्या वेळी घ्या.

ओरखडे येतात नांगराच्या साखळीने, बाजूला लटकवलेल्या टायरच्या कडेने, वाळूवर टेकण्याने. आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे ओंडक्यांवरून बोट ओढणं. लाकडाने ओरखडे पडतात आणि ओंडक्यांना फासलेलं तेल लेपाला लागतं ते वेगळंच. सिलिकॉनवाली बोट रबर लावलेल्या पाळण्यावर किंवा रुंद कापडी पट्ट्यांत उचलायची.

छोटी दुरुस्ती स्वतः करता येते. जागा गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. सुटं रबर धारदार सुरीने कापून काढा, जिथे घट्ट आहे तिथे थांबा. सिलिकॉन पॉलिशपेपरने घासू नका. ते झिजत नाही, गोळे होतात, आणि त्याची भुकटी ज्या ज्या इपॉक्सीवर पडेल तिथे रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. उघड्या इपॉक्सीवर टायकोट लावा, पण फक्त इपॉक्सीवर, जुन्या सिलिकॉनवर चढू देऊ नका. टायकोट ठरलेल्या वेळात आला की वरून त्याच कंपनीचं तेच सिलिकॉन द्या, जुन्या स्वच्छ सिलिकॉनवर चार-पाच सेंटिमीटर चढवून. सिलिकॉनला सिलिकॉन धरतं, दुसरं काहीही धरत नाही. उरलेला तांब्याचा रंग ठिगळाला फासणं हा सगळ्यात सामान्य प्रकार. तो पहिल्याच फेरीत सालीसारखा निघून जातो.

ठोकळ्यांखालचे चौकोन रंगवायचे असतील तर बोट पुन्हा टेकवताना ठोकळे फूटभर सरकवा. कामाच्या यादीत हे आधीच लिहून ठेवलं नाही तर होत नाही.

ब्रश, रोलर, ट्रे सिलिकॉनसाठी वेगळे ठेवा, आणि काम झाल्यावर इपॉक्सीच्या सामानात मिसळू नका. शेजारच्या बोटीवर इपॉक्सी चढत असेल त्या दिवशी फवारा मारू नका. त्यांच्या बोटीवर खड्डे पडले तर भांडण तुमच्या दारात येईल, आणि ते रास्तच असेल.

पाचवी: जाडी

लोखंडी बोटीवर चुंबकीय मापक चालतो. फायबरवर तो काहीच सांगत नाही, तिथे अल्ट्रासोनिक लागतो. मापक हाताशी नसेल तर गणित करा.

पाण्याखालचं क्षेत्रफळ अंदाजे: पाणरेषेची लांबी गुणिले (रुंदी अधिक पाण्यातली खोली). ११ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ०.८ मीटर खोल बोटीचं सुमारे ४२ चौरस मीटर होतं. सिलिकॉनमध्ये घन भाग ७० टक्के असेल आणि वाळल्यावर १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवे असतील, तर एक लिटर कागदावर ४.६७ चौरस मीटर पुरतो. म्हणजे ९ लिटर. रोलरमध्ये, डब्यात आणि वाऱ्यावर पाव भाग जातो असं धरा: खरेदी १२ लिटर.

आता रिकामे डबे मोजा. ८ लिटरच संपले असतील तर सरासरी जाडी १०० मायक्रॉन, आणि सरासरी १०० म्हणजे कुठेतरी ६०. मोडून चकती उरणारे बार्नॅकल कुठून आले याचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. महाग रंग आहे म्हणून तो ओढून ओढून पुरवलेला असतो. रंगवतानाच ओल्या थराची जाडी मोजणारी फणी टेकवत राहा. १५० कोरड्यासाठी २१५ मायक्रॉन ओला थर लागतो.

जाडी कमी आहे पण लेप घट्ट आणि स्वच्छ आहे, तर वरून आणखी एक हात देता येतो. बुळबुळीत थर आणि तेल पूर्ण काढलेलं हवं. आधी दोन फुटांच्या चौकोनावर करून बघा आणि दोन दिवसांनी नखाने तपासा.

सहावी: पापुद्रा कुठल्या थरातून सुटतो

इथून काम अवघड होतं. रंग चिकटलाय का बघायला चिकटपट्टी लावून ओढायची सवय असते. सिलिकॉनवर पट्टीच चिकटत नाही, त्यामुळे ती चाचणी नेहमी 'पास' होते. तिच्यावर जाऊ नका. सुरीने लेप आरपार कापून फुली मारा, प्रत्येक चीर दीड-दोन इंच. मग फुलीच्या मध्यावर अंगठा जोरात घासा, बाहेरच्या दिशेने.

घट्ट लेप फाटतो, सुटत नाही. वाईट लेपाचं टोक उचलतं आणि मग बोटांच्या चिमटीत धरून ओढलं की सायकलच्या ट्यूबसारखी पट्टी निघत जाते. त्या पट्टीची मागची बाजू बघा, निदान तिथे आहे.

मागची बाजू स्वच्छ रबराची आणि बोटीवर टायकोट शाबूत: टायकोटवर सिलिकॉन द्यायला उशीर झाला किंवा मध्ये दव, धूळ, डिझेलचा धूर बसला. दोन थरांमधली मुभा पत्रकात तापमानानुसार दिलेली असते, आणि ३० अंशांच्या वर ती झपाट्याने आखडते. आज टायकोट, उद्या ग्रहण किंवा अमावास्या म्हणून सुट्टी, परवा सिलिकॉन, असं वेळापत्रक या लेपाला मानवत नाही.

पट्टीमागे टायकोटही आला आणि बोटीवर चकचकीत इपॉक्सी: कोकणात हे सर्वाधिक. दमट हवेत वाळणाऱ्या इपॉक्सीवर मेणासारखा, किंचित तेलकट पांढरट थर येतो. हा हार्डनरमधल्या, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणाऱ्या भागातल्या, अमाइन नावाच्या रसायनाचा. तो थिनरने पुसला तर फक्त पसरतो. कोमट गोड्या पाण्याने, खरबरीत पॅडने धुवावा लागतो. मग वाळवून, इपॉक्सी जास्त वाळलं असेल तर खरवडून, नंतरच टायकोट.

हे पुन्हा पुन्हा का होतं तर कॅलेंडरमुळे. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. बोटी त्या आधी वर येतात आणि रंगकाम निघतं नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, हवेत ८५-९० टक्के दमटपणा असताना. हवा २८ अंश आणि दमटपणा ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन बसतो तो, २५ अंशांवर असतो. रंगवायच्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं, म्हणजे २८. रात्रभर गार झालेलं लोखंड सकाळी आठला तिथे पोचलेलं नसतं. हात लावून कोरडं वाटतं, पण नसतं. ओल्या फडक्याने एक पट्टा पुसा. पंधरा मिनिटांत तो स्वतःहून वाळला नाही तर डबा उघडू नका.

यावर स्वस्त उपाय एकच: बोट मेच्या तिसऱ्या आठवड्यात वर घ्या आणि पाऊस लागायच्या आत तिन्ही थर संपवा. पाण्याबाहेर दोन महिने राहिल्याने सिलिकॉन बिघडत नाही. ते ताडपत्रीने झाका, ताडपत्रीचा दोर बुडावर घासणार नाही असं बांधा, बस. हे जमणारच नसेल तर पक्कं छप्पर आणि हवा कोरडी करणारं यंत्र लागेल, तो खर्च मोठा.

पट्टीमागे फायबरचा जेलकोट, म्हणजे त्याचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर, दिसतो: साच्यातलं मेण काढलेलंच नव्हतं. लोखंड आणि गंज दिसतो: प्रश्न लेपाचा राहिलाच नाही.

पट्टीमागे जुना तांब्याचा रंग चिकटून येतो: जुन्या रंगावर सरळ काम केलं. तो रंग मुळातच झिजायला बनवलेला असतो, त्याच्यावर बांधलेलं घर त्याच्याबरोबर पडतं.

सातवी: न वाळलेला लेप

बहुतेक सिलिकॉन तीन भागांत येतं आणि हवेतला ओलावा घेऊन वाळतं. एक भाग राहिला, किंवा मोठ्या डब्यातून अंदाजाने अर्धं मिश्रण केलं, की चिकटपणा कायम राहतो. महिनाभर थांबून तो जात नाही. वरून आणखी हार्डनर फासून जात नाही. सगळं खरवडून काढणं एवढाच मार्ग आहे. म्हणून अर्धा संच कधीच मिसळू नका. लहान काम असेल तर लहान संच मागवा.

निघालेलं रबर पोत्यात भरून कचऱ्याच्या योग्य गाडीत द्या. लेप विषारी नाही म्हणून त्याचे तुकडे खाडीत झाडून द्यायचे नाहीत. सिलिकॉन कुजत नाही, आणि जाळ्यात तेच परत येतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

फुलीची चाचणी दहापैकी दोन-तीन जागी नापास झाली तर ठिगळं लावत बसू नका. उरलेलंही सुटणार आहे. लेप कंपनीचा अधिकृत रंगारी आणि स्वतंत्र कोटिंग निरीक्षक, दोघंही लागतील. रंगाऱ्यानेच स्वतःचं काम तपासायचं, हे चालवून घेऊ नका. निरीक्षकाकडे दवबिंदूचं यंत्र, जाडीमापक आणि रोजची लेखी नोंद असलीच पाहिजे.

फायबरवर फोड आले आणि फोडल्यावर आंबूस वासाचं पाणी निघालं, तर तो ऑस्मोसिस, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरणं, आहे. महिनोन्‌महिने वाळवण्याचं काम असतं, वरून काहीही लावू नका.

लोखंडात खड्डे पडले असतील तर आधी पत्र्याची जाडी मोजणारा सर्व्हेअर. लोखंड वाचवायला स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या वड्या अपेक्षेच्या आधी संपत असतील तर हेही त्यालाच सांगा.

जुनी बोट असेल आणि खाली कुठले रंग आहेत ते कुणालाच माहीत नसेल, तर कोरडं ग्राइंडिंग करू नका. ट्रायब्युटिल टिन या जहाल विषाच्या रंगांवरची जागतिक बंदी १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाली. त्याआधीच्या बोटीच्या थरांत ते असू शकतं, शिसंही असू शकतं. नमुना तपासून घ्या, आणि काढायचं तर ओल्या पद्धतीने, पूर्ण मास्क घातलेल्या माणसांकडून, खाली ताडपत्री अंथरून.

सिलिकॉन किंवा इपॉक्सी एअरलेस, म्हणजे हवेशिवाय नुसत्या जबर दाबाच्या, फवाऱ्याने मारायचं असेल तर तेही शिकलेल्या माणसाचं काम. त्या नोझलचा दाब कातडी फोडून रंग आत घालतो. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डब्याचं लेबल सोबत न्या.

बोट पाण्यात असताना बूड पुसायला उतरायचं असेल तर प्रशिक्षित पाणबुड्याच. इंजिनची किल्ली त्याच्या हातात असू द्या, आणि सुकाणूवर 'माणूस खाली आहे' ही पाटी बांधा.